आजार, अपंगत्व आणि ‘लोके काय म्हणतीन’: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यांत औषधाबद्दलचे थोडे आणि माणसांबद्दलचे फार असतात. गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांनी सांगितलेले असते. पंगतीत बसायचे की नाही, मुलीच्या स्थळाला काय कळवायचे, जावेने वेगळे ताट काढले तर काय बोलायचे, हे कुणीच सांगितलेले नसते. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. उपचार सुरू करण्याचा, बदलण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

१. आजार आमच्या घरात, त्रासही आम्हालाच. मग लोक आम्हालाच नावे का ठेवतात?

याच्या मुळाशी साधारणपणे तीन गोष्टी असतात. आजार आपल्याला लागेल ही भीती, आजार म्हणजे कुठल्या तरी पापाचे किंवा चुकीचे फळ ही समजूत, आणि सोयरिकीची काळजी. आपल्याकडे तिसरी गोष्ट सर्वांत बलवान आहे, असे आमचे मत आहे. एकाच भाऊबंदकीतल्या दहा घरांची लग्ने त्याच पंचवीस-तीस गावांत जुळतात आणि एका घरातल्या आजाराचा डाग चुलत बहिणीच्या स्थळापर्यंत पोहोचतो. त्यामुळे नावे ठेवणाऱ्यांत परके कमी आणि आपलेच जास्त असतात. आजार लपवण्याचा आग्रहही बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

यातले खरे नुकसान अपमानापुरते थांबत नाही. ज्याला लोकांची धास्ती असते तो तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचे कुणी भेटेल म्हणून जात नाही, गोळ्यांचे पाकीट धान्याच्या कोठीमागे ठेवतो आणि पाहुणे आले की दिवसाची मात्रा चुकवतो. क्षयरोग, कुष्ठरोग, मिरगी (फिट येण्याचा आजार) आणि मानसिक आजार या चारही आजारांत असे चुकलेले औषध फार महागात पडते.

२. घरातल्या आजारी माणसाचे ताट, पेला, अंथरूण वेगळे ठेवावे का?

मिरगी, कोड, सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), मधुमेह, कर्करोग आणि मानसिक आजार हे एकाकडून दुसऱ्याकडे जातच नाहीत, त्यामुळे तेथे काहीही वेगळे ठेवण्याचे कारण नाही. एचआयव्ही एकत्र जेवल्याने, हात धरल्याने किंवा एकच शौचालय वापरल्याने पसरत नाही. कुष्ठरोग उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळच्या निकट सहवासातून पसरू शकतो. परंतु बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते आणि बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर रुग्णाकडून होणारा प्रसार लवकरच थांबतो.

फुप्फुसाचा क्षयरोग खोकल्यातून हवेवाटे पसरतो. त्यासाठी सुरुवातीच्या काळात तोंडावर रुमाल किंवा मास्क, उघड्या खिडक्या आणि घरातल्या इतरांची तपासणी या तीन गोष्टी आवश्यक आहेत. जंतू औषधांना दाद देत असतील, तर नियमित उपचाराच्या साधारण दोन आठवड्यांनंतर संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो. ताटवाटीतून क्षयरोग पसरत नाही.

यावल तालुक्यात केळीचे घड वाहणाऱ्या एका मजुराला क्षयरोग झाल्याचे कळले, तेव्हा त्याच्यासाठी स्टीलचा एक पेला बाजूला काढण्यात आला आणि पंपाच्या खोलीबाहेर खिळ्याला सुतळीने बांधण्यात आला. सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले, थुंकीची तपासणी स्वच्छ आली, डॉक्टरांनी कागदावर तसे लिहून दिले. पेला मात्र खिळ्यालाच राहिला, आणि बरा झालेला तो माणूस आजही त्यातूनच पाणी पितो. संसर्ग टाळण्यासाठी घेतलेली खबरदारी कुठे संपते आणि बहिष्कार कुठे सुरू होतो, हे पाहायचे असेल तर एकच गोष्ट तपासावी: ती खबरदारी कधी संपणार हे कुणी ठरवले आहे का? ठरवले नसेल, तर ती खबरदारी राहिलेली नाही.

३. अंगावर पांढरा डाग आला आहे. घरात सगळे ‘कोड’ म्हणतात, शेजारी ‘मोठा रोग’, म्हणजे कुष्ठरोग, म्हणतात. कोणाचे खरे?

तपासल्याशिवाय कोणाचेच नाही. कोडामध्ये त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्या जागी स्पर्श पूर्वीसारखाच कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तेथे बधिरपणा असू शकतो. साध्या बुरशीनेही फिकट डाग येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते आणि कुष्ठरोगाचे औषध सरकारकडून मोफत मिळते. आजाराच्या प्रकारानुसार ते ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. उशीर केला तर मज्जातंतू कायमचे निकामी होतात आणि हातापायाला विकृती येते. लोक ज्या विकृतीला घाबरतात ती आजाराइतकीच उशिराची देणगी आहे, आणि उशीर बहुतेक वेळा लोकांच्या भीतीमुळेच झालेला असतो.

कोड असलेल्या मुलीला कानबाईच्या पूजेत पुढे बसू द्यावे का, असेही काही जणींनी विचारले आहे. बसू द्यावे. त्वचेचा रंग गेल्याने पूजेला कोणती बाधा येते, हे आजवर आम्हाला कुणी सांगू शकलेले नाही.

४. बाजारात एकाला फिट आली, लोकांनी चप्पल आणि कांदा हुंगवला. त्याने खरेच फरक पडतो का?

नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते आणि त्याच वेळी नाकाशी चप्पल असल्याने श्रेय चपलेला मिळते. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली घडी केलेले उपरणे ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर दवाखान्यात न्यावे.

ज्याला फिट येते त्याच्यासाठी सर्वांत जड क्षण शुद्धीवर येण्याचा असतो. भरबाजारात कपडे ओले झालेले असतात, भोवती वर्तुळ करून माणसे उभी असतात आणि त्यांतल्या एकाच्या हातात त्याचीच चप्पल असते. त्या वेळी गर्दी हटवणारा आणि अंगावर चादर टाकणारा एक माणूस जरी पुढे आला, तरी मोठे काम होते.

५. मुलाला सिकलसेल निघाला. सासरचे म्हणतात, सुनेच्या माहेरचा दोष आहे. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, आणि हे कागदावर मांडून दाखवता येते. सिकलसेलचा पूर्ण आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकात असे एकच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. म्हणजे मुलाला आजार आहे हाच त्याच्या वडिलांनीही तो जनुक दिल्याचा पुरावा आहे. सुनेला माहेरी पाठवून देणाऱ्या घराने आधी आपल्या मुलाचे, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचे, रक्त तपासून घ्यावे, असे आम्ही दरवेळी सांगतो. पुष्कळ घरांत ती तपासणी करण्याचीच तयारी नसते. त्या नकाराचा अर्थ ज्याने त्याने समजून घ्यावा.

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः अक्कलकुवा, धडगाव आणि तळोदा भागांतल्या आदिवासी समाजांत हा जनुक अधिक आढळतो, म्हणून ‘हा आदिवासींचा रोग’ असे सरसकट बोलले जाते. तो इतर समाजांतही आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते.

६. सिकलसेलच्या तपासणीत मी ‘वाहक’ निघालो. आता माझे लग्न होईल का?

होईल, आणि व्हावे. वाहक हा रुग्ण नसतो. तो एरवी निरोगी आयुष्य जगतो. रुग्ण किंवा वाहक नसलेल्या जोडीदाराशी लग्न केल्यास अपत्यांपैकी कुणाला सिकलसेल आजार होण्याचा प्रश्न सहसा येत नाही, फार तर काही अपत्ये वाहक निघतील. काळजी मुख्यतः दोघेही वाहक असतील तेव्हाची असते, आणि तेव्हाही गरोदरपणात लवकर तपासणी आणि समुपदेशन उपलब्ध असते. म्हणून पत्रिकेबरोबर रक्ताचा अहवाल पाहावा, हे आम्ही मानतो. पण तो दोन्ही बाजूंचा पाहावा. मुलीचाच मागायचा आणि मुलाचा विचारलाच तर रागवायचे, ही पद्धत थांबली पाहिजे.

७. लग्न जमवताना आजार सांगावा का? सांगितले तर स्थळ जाते, न सांगितले तर पुढे भांडणे होतात.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचे आहे त्याला, नियमित औषध लागणारा किंवा अपत्यांवर परिणाम करणारा आजार लग्नाआधी सांगावा. त्याच्या मामाला, मध्यस्थाला आणि बैठकीत बसलेल्या पंधरा जणांना तो सांगण्याचे बंधन कुणावरही नाही. आपल्याकडे गोंधळ येथेच होतो. सांगायचे म्हटले की बैठकीत सांगायचे, असा अर्थ घेतला जातो. तसे झाले की संध्याकाळपर्यंत शिरपूरची बातमी शहाद्याला पोहोचते आणि ते स्थळ तर जातेच, पुढची चारही जातात. म्हणून घरचे लपवतात. मधला मार्ग असा आहे की पसंती कळल्यावर आणि सुपारी फोडण्याआधी मुलगा-मुलगी दोघांनी एकांतात बोलावे, डॉक्टरांचा कागद बरोबर असावा आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून एकदा डॉक्टरांना भेटावे. आजाराचे नाव ऐकून जी भीती वाटते, ती डॉक्टरांनी दहा मिनिटे समजावून सांगितल्यावर बरीच कमी झालेली आम्ही पाहिली आहे.

लपवण्यातला धोका कायद्याचाही आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार जोडीदाराविषयीची महत्त्वाची गोष्ट फसवून लपवलेली असेल, तर विवाह रद्द करण्यासाठी न्यायालयात जाता येते. मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही स्वखुशीने एकत्र राहिले असतील तर हा मार्ग बंद होतो.

दुसऱ्या बाजूने, आजार आहे म्हणजे लग्नच बेकायदा, ही समजूतही चुकीची आहे. मिरगी हा विवाहातला कायदेशीर अडसर १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. मानसिक आजाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे की आजाराला केवळ एक नाव दिलेले असणे घटस्फोटाला पुरेसे नाही. त्या आजाराचे स्वरूप आणि तीव्रता सिद्ध करावी लागते.

आणखी एक गोष्ट फार कळकळीने सांगावीशी वाटते. ‘लग्न लावून द्या, आपोआप बरा होईल’ हा सल्ला कृपा करून कुणी देऊ नये. त्यात एका आजारी मुलाचे औषध सुटते आणि एका निरोगी मुलीला न विचारता परिचारिका केले जाते.

८. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले की सगळ्या विचारतात, ‘काय झाले गं तुला?’ खोटे बोलू का?

खोटे बोलण्याची गरज नाही आणि सर्व सांगण्याचीही नाही. ‘उपचार चालू आहेत, आता बरे आहे’ एवढे वाक्य पुरते. पुन्हा विचारले तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणावे. बरोबरच्या भावजयीने किंवा बहिणीने त्याच वेळी विषय बदलला तर काम सोपे होते, म्हणून आधी तिच्याशी बोलून ठेवावे. जोडीदाराच्या बाबतीत नियम वेगळा आहे. त्यासाठी प्रश्न ७ पाहावा.

९. माझा आजार बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळे मला कामचुकार म्हणतात. काय करू?

दिसणाऱ्या अपंगत्वाच्या वाट्याला कीव येते, न दिसणाऱ्याच्या वाट्याला संशय. नैराश्य, संधिवात, सिकलसेल, कमी ऐकू येणे या सर्वांचा अनुभव हाच आहे. धडगाव भागातल्या एका आश्रमशाळेतली सिकलसेलची मुलगी पौषातल्या पहाटे गार पाण्याने अंघोळ करायला तयार होत नसे. अधीक्षिकेने तिला सर्वांसमोर आळशी ठरवले आणि रांगेत सर्वांत आधी अंघोळीला उभे केले. थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम आणि ताप यांमुळे सिकलसेलच्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना सुरू होतात. त्या मुलीला त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात भरती करावे लागले.

अशा वेळी तोंडी समजावण्यापेक्षा डॉक्टरांची एका पानाची चिठ्ठी उपयोगी पडते. तिच्यात आजाराचा इतिहास नको. काय टाळायचे आणि वेदना सुरू झाल्यास काय करायचे, एवढेच मराठीत लिहून घ्यावे.

१०. शाळा म्हणते, ‘अशा मुलाला आमच्याकडे ठेवता येणार नाही.’ शाळेला तसे म्हणता येते का?

येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश देणे बंधनकारक आहे, आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नकार तोंडी देतात, म्हणून अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी. पोच मागताच बऱ्याच शाळांचे उत्तर बदलते. न बदलल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे.

११. अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेतले तर कायमचा शिक्का बसेल, असे वडील म्हणतात. घ्यावे का?

घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात (प्रश्न १०) २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि सिकलसेल, बरा झालेला कुष्ठरोग, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातील पीडित हेही त्यांत येतात. बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी किंवा अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात. प्रमाणपत्र आपल्या ताब्यात असते. ते कुठे दाखवायचे हे आपण ठरवतो. सिकलसेलच्या वाहकाला हे प्रमाणपत्र मिळत नाही, कारण तो रुग्ण नसतो (प्रश्न ६).

१२. चारचौघांत ‘लंगड्या’, ‘येडी’ म्हणून हाक मारतात. त्याविरुद्ध काही करता येते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार, अपंग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने लोकांसमोर जाणूनबुजून हिणवणे हा गुन्हा आहे आणि त्याला ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. लहानपणापासून पडलेल्या टोपणनावासाठी कुणी पोलीस ठाण्यात जावे, असे आम्ही सुचवत नाही. पण ज्याला ते नाव टोचते त्याने एकदा स्पष्टपणे ‘मला माझ्या नावाने हाक मारा’ असे सांगावे. त्यानंतरही मुद्दाम तेच नाव घेतले गेले, तर हेतू उघड असतो.

१३. गावात आजारपण वाढले की एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवतात. आमच्या आत्यावर तसा आरोप होतो आहे. कोणाकडे जावे?

ताबडतोब पोलीस ठाण्यात जावे, वाट पाहू नये. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, एखादी व्यक्ती करणी करते किंवा तिच्यामुळे रोगराई पसरते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी आहे. आरोप बहुधा एकट्या, विधवा किंवा म्हाताऱ्या बाईवर होतो आणि त्यामागे पुष्कळदा जमिनीचा वाद असतो. तक्रारीत त्या वादाचाही उल्लेख करावा. आत्याला काही दिवस सुरक्षित जागी हलवणे ही पळवाट नाही, आधी जीव वाचला पाहिजे.

१४. भावाला भास होतात. घरचे भगताकडे नेतात. डॉक्टरांकडे कसे वळवावे?

‘भगत खोटा आहे’ या वाक्याने सुरुवात केली, तर आईवडील ऐकायचेच थांबतात. भावाला झोप लागत नाही, तो जेवत नाही, या मुद्द्यावरून दवाखान्यात न्यावे. घरच्यांना नवस फेडायचा असेल तर फेडू द्यावा. औषध मात्र एकही दिवस चुकू नये आणि मारहाण, साखळी, उपास यांना ठाम नकार द्यावा. मानसिक आरोग्याबाबत बोलण्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा मोफत क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार या आजारांवरील उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे आरोग्यसेवा देणाऱ्यांवर बंधनकारक आहे.

१५. दवाखान्यातूनच गावभर कळले. आता काय?

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि संमतीशिवाय माहिती उघड करण्यास तो मनाई करतो. मानसिक आजाराबाबत प्रश्न १४ पाहावा. इतर आजारांतही संस्थाप्रमुखांकडे लेखी तक्रार करता येते. पुष्कळ वेळा माहिती कुणी मुद्दाम फोडलेली नसते. केसपेपर खिडकीत मोठ्याने वाचला जातो, किंवा घरी भेटीला आलेल्या आशाताईला ओट्यावरच थांबवून सर्वांदेखत विचारपूस होते. आशाताईला ‘आत बसून बोलू’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि बहुतेक जणी ते आनंदाने मानतात.

१६. वहिनी पूर्ण बरी झाली, आम्ही काहीच वेगळे ठेवत नाही, तरी तीच बाजूला बसते आणि मुलांना जवळ घेत नाही. असे का?

कारण इतकी वर्षे लोकांनी जे सांगितले ते तिला आता स्वतःचेच मत वाटू लागले आहे. ‘घाबरू नको, तू बरी आहेस’ असे वारंवार सांगितल्याने हे लवकर जात नाही. तिला पुन्हा कामात घ्यावे, आणि तेही सर्वांच्या खाण्यापिण्याशी जोडलेल्या कामात: भरिताची वांगी भाजणे, कळण्याच्या भाकरी थापणे, पाहुण्यांना पाणी देणे. पहिल्या वेळी ती नको म्हणेल. दुसऱ्या दिवशी परातीत पीठ घेऊन पुन्हा विचारावे. पाहुण्यांपैकी कुणी तिच्या हातचे घ्यायला कचरले, तर घरातल्या थोरल्या माणसाने सर्वांदेखत पहिली भाकरी आपल्या ताटात घ्यावी. काही महिन्यांतही फरक दिसला नाही, झोप-जेवण कमी झाले किंवा ती जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागली, तर प्रश्न १४ मधल्या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा.